जिभेखालचे थेंब आणि त्याआधीचे निर्णय: धुळीच्या ॲलर्जीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मृणालताई, वय 38. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. नोकरी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात, घर सिंहगड रस्त्याला. घरात नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

तक्रार सहा-सात वर्षांची. सकाळी डोळे उघडले की शिंकांची माळ लागायची, आठ-दहा शिंका सलग. मग नाक गळायचं आणि दुपारपर्यंत चोंदायचं. डोळे चुरचुरायचे, टाळू खाजायची. ग्रंथालयात खालच्या कप्प्यातला जुना गठ्ठा काढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. पावसाळा मध्यावर आला की त्रास वाढायचा, गणपतीत कळस व्हायचा आणि दिवाळीच्या साफसफाईत माळा काढला की दोन दिवस अंथरूण. उन्हाळ्यात मात्र बऱ्यापैकी सुटका.

इतक्या वर्षांत जे घराघरांत होतं तेच त्यांच्याकडे झालं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सेटिरिझिन. मग कुणीतरी लिहून दिलेली माँटेलुकास्ट-लिव्होसेटिरिझिनची गोळी, जी पुढे चिठ्ठीशिवायच महिनोन्‌महिने चालू राहिली. वर्षातून दोन-तीनदा अँटिबायोटिक. सासूबाईंचा सुंठ-गवती चहाचा काढा, ओव्याची पुरचुंडी, वाफ. आणि रात्री झोपताना नाक मोकळं करणारे थेंब, रोज, दीडएक वर्ष. मधे एका ठिकाणी ‘नाकाचं हाड वाकडं आहे, ऑपरेशन करून टाका’ असाही सल्ला मिळाला होता.

माझ्याकडे त्या सप्टेंबरात आल्या त्या एक जाड फाइल घेऊन. एका केंद्रात त्यांची रक्ताची मोठी तपासणी झाली होती. अहवालात शंभराच्या आसपास नावं होती आणि त्यातली बरीच लाल रंगात. भात, वांगं, दही, तूरडाळ, शेंगदाणे बंद करायला सांगितलं होतं. सोबत जिभेखाली घ्यायच्या थेंबांचं कोटेशन होतं, ज्यात एकाच बाटलीत अकरा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी उठवणारे पदार्थ. ‘तीन वर्षांत ॲलर्जी मुळापासून जाईल’ असं सांगण्यात आलं होतं. त्यांचा प्रश्न सरळ होता, “डॉक्टर, हे थेंब घेऊ का? हो किंवा नाही तेवढं सांगा.”

नेमकी अडचण काय होती

हो-नाही सांगणं अवघड नव्हतं, पण ते उत्तर चुकीच्या प्रश्नाला गेलं असतं. थेंब कशासाठी, हेच अजून ठरलं नव्हतं.

आधी ही पद्धत, म्हणजे इम्युनोथेरपी, काय आहे ते थोडक्यात. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तोच ठरावीक मात्रेत शरीराला दीर्घकाळ देत राहायचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजणं हळूहळू सोडून देते. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांची अशी इंजेक्शनं देऊन 1911 साली निष्कर्ष छापले. म्हणजे कल्पना शंभरी ओलांडलेली आहे. जिभेखालून देण्याची रीत त्यामानाने नवी. जिभेखालच्या त्वचेतल्या पेशी ॲलर्जन पकडून जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत नेतात, तिथे नियंत्रक टी-पेशी तयार होतात, आयजीजी-4 जातीची प्रतिपिंडं वाढतात आणि ॲलर्जी भडकवणाऱ्या आयजीईची मिजास उतरते. हे सगळं महिन्यांच्या हिशेबाने होतं. त्यामुळे आज त्रास झाला म्हणून आज थेंब, असा हा उपचार नाही.

आता मृणालताईंची अडचण. नाक तपासलं तर आतली त्वचा फिकट, फुगलेली, ओलसर. पडदा थोडा वाकडा होता, पण तसा तो निम्म्या पुण्याचा असेल. रोज रात्रीच्या थेंबांमुळे नाकाला त्यांची सवय झाली होती. असे थेंब तीन-पाच दिवसांपलीकडे गेले की उतरताना नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, माणूस पुन्हा थेंब घालतो आणि चक्र सुरू राहतं.

मग मी विचारलं, “रात्री खोकला येतो का?” त्या म्हणाल्या, “येतो ना, पण तो घशातला. पहाटे तीन-चारला उठून पाणी पिते आणि झोपते.” जिना चढताना? “वजन वाढलंय म्हणून धाप लागते.” नवरा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “झोपेत हिच्या छातीतून मांजरासारखा आवाज येतो.” सहा वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष नाकावर.

स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची चाचणी, केली. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा 1.86 लिटर. श्वासनळ्या मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं तर 2.12 लिटर. 260 मिलिलिटरची, जवळजवळ 14 टक्क्यांची वाढ. 200 मिलिलिटर आणि 12 टक्के या दोन्हींपेक्षा जास्त वाढ असेल आणि लक्षणं जुळत असतील तर तो दमा समजतात.

पहिला निर्णय: थेंब लगेच नाहीत

काबूत नसलेल्या दम्यात इम्युनोथेरपी सुरू करत नाहीत. जिभेखालच्या थेंबांनी सर्वांगावर उठणारी गंभीर प्रतिक्रिया क्वचितच येते, पण ज्यांना येते त्यांच्यात दम्याचे रुग्ण जास्त धोक्यात असतात. ते कोटेशन स्वीकारून त्याच आठवड्यात पहिला थेंब घेतला असता तर बहुधा काही झालंही नसतं. ‘बहुधा’वर मात्र मी कुणाला सोडत नाही.

तेव्हा ठरलं की आधी तीन महिने छाती आणि नाक ताब्यात आणायचं, मगच थेंबांचा विचार. इथे पहिली खडाजंगी झाली. “पंपाची सवय लागते म्हणे,” सासूबाई म्हणाल्या. मृणालताईंनाही पंप म्हणजे शेवटची पायरी वाटत होती. ज्या नाकाच्या थेंबांची खरोखर सवय लागली होती ते निर्धास्तपणे चालू होते आणि ज्याची लागत नाही त्या पंपाची भीती, हे आमच्याकडे दर आठवड्याला दिसतं. शेवटी दोन्ही फुंकांचे आलेख शेजारी ठेवून दाखवले. त्यानंतर वाद झाला नाही.

बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप सुरू झाला. नाकात स्टेरॉइडचा स्प्रे. रात्रीचे थेंब एकदम बंद न करता आधी एका नाकपुडीतले बंद केले, ती सुटली की दुसरीतले. पहिला आठवडा त्यांनी कण्हत काढला, दुसऱ्यात झोप लागायला लागली. माँटेलुकास्टची गोळी थांबवली. या औषधाने काहींना अस्वस्थता, वाईट स्वप्नं, उदासी येते आणि 2020 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत ठळक दर्जाचा इशारा छापायला लावला. चिठ्ठीशिवाय वर्षभर घ्यायची ती गोळी नव्हेच.

स्प्रे कसा मारायचा यावर त्या दिवशी बराच वेळ गेला. त्या आधीही एकदा स्प्रे वापरून ‘उपयोग नाही’ म्हणून सोडून बसल्या होत्या. करून दाखवा म्हटलं तर त्यांनी मान मागे टाकली, नळी सरळ मधल्या पडद्याकडे रोखली आणि जोरात हुंगलं. औषध घशात. मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, नळीचं टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, श्वास हलका. हात उलटा घेतला की नळी आपोआप पडद्यापासून दूर राहते. पडदा कोरडा पडून रक्त येणंही त्याने टळतं.

खाण्याची यादी

ती रक्ततपासणी बऱ्याच अंशी आयजीजी मोजणारी होती. अन्नाविरुद्धचं आयजीजी म्हणजे तो पदार्थ आपण खातो याची खूण, ॲलर्जीची नव्हे. ॲलर्जीच्या व्यावसायिक संघटना अशा तपासण्या करू नका असंच सांगतात. मृणालताई जन्मापासून भात खात आल्या होत्या आणि भातानंतर कधी शिंकसुद्धा आली नव्हती. यादी रद्द केली. चार महिन्यांनी घरात आमटी-भात झाला, त्याचा आनंद सासूबाईंना सगळ्यात जास्त. दोन स्वयंपाक करून त्या थकल्या होत्या.

दुसरा निर्णय: बाटलीत काय घालायचं

डिसेंबरात दमा ताब्यात आला. रात्रीचा खोकला थांबला, फुंकीचा आकडा सुधारला. आता ॲलर्जीतज्ज्ञांकडे त्वचेची प्रिक टेस्ट. त्याआधी आठवडाभर सेटिरिझिनसारखी गोळी बंद, नाहीतर त्वचा काही बोलतच नाही. स्प्रे आणि पंप चालू.

हातावर पेनने खुणा करून प्रत्येकीवर एकेक थेंब, त्यातून सुईचं हलकं टोचणं, मग वीस मिनिटं खाजवायचं नाही. हिस्टामिनने गांधी उठायलाच हवी, ती 6 मिलिमीटर; नुसत्या सलाइनने उठायला नको, ती शून्य, म्हणजे चाचणी विश्वासार्ह. डर्मॅटोफॅगॉइडिस फरीनी 9, टेरोनिसिनस 8, ब्लोमिया 6. हे तिन्ही डस्ट माइटचे, म्हणजे घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचे, प्रकार. झुरळ 4. गाजर गवत 5. बुरशा शून्य. 3 मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह, तेव्हा कागदोपत्री झुरळ आणि गाजर गवतही आरोपी.

गाजर गवताचं पुण्याशी जुनं नातं. भारतात या तणाची पहिली नोंद 1950 च्या दशकात इथलीच. आयात गव्हाबरोबर आलं म्हणतात आणि मग देशभर पसरलं. पुण्यात कुणाचीही प्रिक टेस्ट करा, ते डोकं वर काढायची शक्यता भरपूर. पण त्वचेवर गांधी आली म्हणजे शरीरात त्याविरुद्ध आयजीई आहे एवढंच कळतं. त्रास त्याचाच आहे का, हे रुग्णाला विचारल्याशिवाय कळत नाही.

तज्ज्ञांनी विचारलं, “फिरायला जाता का?” मृणालताई रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर जातात, ऑगस्टातही, जेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना गाजर गवताची पांढरी फुलं असतात. तिथे त्रास? “तिथे उलट मोकळं वाटतं. घरी येऊन गादीवर आडवी झाले की सुरू.” हे एक वाक्य अख्ख्या रक्त अहवालापेक्षा मोलाचं होतं. पहाटेच्या शिंका, गादी, जुनी पुस्तकं, पावसाळ्यातला दमटपणा हे सगळं माइटकडे बोट दाखवत होतं. हा मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा आठपायी जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा शोषतो. सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. पुण्यात जून ते सप्टेंबर त्याची चैन असते. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा, म्हणून माइट मेले तरी शिंका लगेच थांबत नाहीत.

अकरा ॲलर्जनच्या बाटलीला दोन आक्षेप होते. पहिला, एका बाटलीत जितकी गर्दी तितकी प्रत्येकाची मात्रा पातळ आणि इम्युनोथेरपीत मात्रा पुरेशी नसेल तर ती घेऊन न घेतल्यासारखीच. दुसरा, झुरळ आणि बुरशीच्या अर्कांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ती परागकणांच्या अर्काबरोबर एकत्र ठेवली की त्याची ताकद घटते. ठरलं की थेंब फक्त माइटचे. झुरळासाठी घरी आणि ग्रंथालयात जेलचं पेस्ट कंट्रोल. गाजर गवत सोडून द्यायचं.

तिसरा निर्णय: थेंब, इंजेक्शन की काहीच नाही

तोपर्यंत पंप आणि स्प्रेने निम्म्याहून जास्त आराम पडला होता. मृणालताईंच्या नवऱ्याने विचारलेला प्रश्न रास्त होता, “स्प्रेने बरं वाटतंय, तर हा तीन वर्षांचा खर्च कशाला?” त्याला कुणीच टाळलं नाही. स्प्रे चालू ठेवून पुढचा पावसाळा बघायचा, हा खरोखरच चांगला पर्याय होता आणि अनेकांना मी तोच सुचवतो. बाजू दोन्हीकडे होत्या. स्प्रे आणि पंप त्रास दाबतात, सोडले की तो परततो. पुरी तीन वर्षं घेतलेल्या इम्युनोथेरपीचा परिणाम औषध थांबल्यावरही काही वर्षं टिकतो, हा तिचा एकमेव पण मोठा फायदा. मृणालताईंचं म्हणणं होतं की कामाची जागा बदलणार नाही, पुस्तकं सोडायची नाहीत आणि दर पावसाळ्यात औषधं वाढवत न्यायची नाहीत.

इंजेक्शनांचा अनुभव जास्त जुना, मात्रेचं गणित पक्कं. पण सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला जायचं, प्रत्येक वेळी अर्धा तास थांबायचं, मग महिन्यातून एकदा. सिंहगड रस्त्याची संध्याकाळची गर्दी ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको. शिवाय गंभीर प्रतिक्रियेचा धोका इंजेक्शनात जास्त आणि त्यांना दमा. थेंब घरी घेता येतात, पण रोज, आणि शिस्त पूर्णपणे रुग्णाची.

थेंबांच्या पुराव्याबद्दल तज्ज्ञ मोकळेपणाने बोलले, ते मला आवडलं. जिभेखालच्या उपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा प्रमाणित गोळ्यांचा आहे. अमेरिकेत गवत आणि रॅगवीड या तणाच्या गोळ्यांना 2014 साली, माइटच्या गोळीला 2017 साली मान्यता मिळाली. थेंबांना तिथे अशी मान्यता नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. युरोपात थेंब बरीच वर्षं वापरात आहेत. आपल्याकडेही वापरले जातात आणि भारतीय ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं, 2017 साली सुधारलेली, उपलब्ध आहेत. पण एका कंपनीच्या बाटलीवरची एककं दुसरीच्या एककांशी जुळत नाहीत, त्यामुळे मधेच कंपनी बदलायची नाही.

खर्च त्यांच्या बाबतीत महिन्याला दोन हजारांच्या आसपास, म्हणजे तीन वर्षांत सत्तरएक हजार. मेडिक्लेममध्ये बसत नाही, कारण ॲडमिट व्हायचं नाही. नवऱ्याने हिशेब कागदावर मांडला, दोघं घरी गेले, आठवड्याने ‘घेऊया’ म्हणून फोन आला. हा आठवडा महत्त्वाचा होता. दवाखान्यात बसून दिलेला होकार तीन वर्षं टिकत नाही.

काय केलं

पहिला थेंब जानेवारीत तज्ज्ञांच्या समोर. जिभेखाली दोन मिनिटं धरून गिळायचा, मग अर्धा तास बसून राहायचं. पाचव्या मिनिटाला जिभेखाली खाज, ओठ थोडा जड. हे सुरुवातीला अपेक्षितच असतं आणि दोन-तीन आठवड्यांत मावळतं, तसं मावळलंही. अंगभर गांध्या, धाप किंवा चक्कर आली तर काय करायचं, हे लिहून दिलं. दमा वाढला असेल त्या दिवशी थेंब नाही. तोंडात जखम असेल, दात काढला असेल तर ती भरेपर्यंत नाही. रक्तदाबाची बीटा-ब्लॉकर गोळी चालू आहे का, गरोदरपणाचा विचार आहे का, हे आधीच विचारलं होतं. दोन्ही नाही.

वेळ कोणती ठेवायची यावर आम्ही थोडं डोकं लढवलं. ‘सकाळी’ असं मोघम ठरवलेलं औषध बुडतं. त्यांच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं आणि पाणी भरायला त्याच उठतात. नळ सोडायचा, थेंब जिभेखाली, हंडा भरेपर्यंत तोंड बंद. बाटली फ्रिजच्या दारात ठेवली होती, ती आतल्या कप्प्यात हलवली, कारण दार सारखं उघडल्याने तिथलं तापमान खालीवर होतं आणि थेंबांना 2 ते 8 अंश लागतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या चौकटीत खूण करायची. थेंब घेतला तर टिंब, सकाळी शिंका आल्या तर ‘शि’, जादा पंप लागला तर ‘पं’. मुलाने आवडीने हे खातं सांभाळलं.

बाकी घर. बारा वर्षांची कापसाची गादी आणि उशा काढून टाकल्या. नव्या गादी-उशांना दाट विणीचे, चेनचे माइटरोधक अभ्रे. चादरी दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात. खोलीतला गालिचा गेला. सासूबाई वर्षानुवर्षं गच्चीत गाद्यांना ऊन दाखवत होत्या, ती चांगलीच सवय. उन्हात ओल जाते, पण विष्ठेची प्रथिनं तशीच राहतात, म्हणून अभ्रे आणि धुणं हे जोडीला हवंच. ग्रंथालयात पिसांच्या झाडणीऐवजी ओलसर फडकं, जुने गठ्ठे हाताळताना एन-95 मास्क. त्यांच्या वरिष्ठांना मी एक पत्र दिलं. तेवढ्यावर खालच्या दालनाची वर्षातली मोठी आवराआवर दुसऱ्याकडे गेली.

जिथे गाडी अडली

मार्चमध्ये दाढ काढली, आठवडाभर थेंब बंद, मग पुन्हा सुरू. ते सोपं होतं.

मे महिन्यात कोकणात सासरच्या गावी दहा-बारा दिवस. प्रवासात बर्फाची पिशवी न्यायची राहिली, बाटली गाडीत तापली. परतल्यावर त्या गप्पच होत्या. ओरडा बसेल असं वाटलं असावं. आठवड्याच्या वर खंड पडला तर स्वतःहून पूर्ण मात्रा सुरू करायची नाही, फोन करायचा, एवढं कागदावर होतं. सुदैवाने सासूबाईंनीच फोन केला. तज्ज्ञांनी नवी बाटली दिली, मात्रा खालून चढवली.

खरी कसोटी नवव्या-दहाव्या महिन्यात आली. पावसाळा बरा गेला आणि कॅलेंडरवरची टिंबं विरळ झाली. आठवड्यात चार, मग तीन. बरं वाटायला लागलं की औषध सुटतं, हे फक्त पुण्यात होतं असं नाही. नेदरलँड्समधल्या 2013 च्या एका अभ्यासात औषधदुकानांच्या नोंदी तपासल्या तेव्हा जिभेखालचा उपचार तीन वर्षं पुरा करणारे 7 टक्केच निघाले, इंजेक्शनवाले 23 टक्के. म्हणजे घरी घ्यायची सोय हीच त्याची कमजोरीही. मृणालताईंना हे आकडे सांगितले. धाक दाखवायचा नव्हता, पैशांचा हिशेब करायचा होता. अर्धवट सोडला तर खर्च झालेला पैसा जातो आणि टिकणारा फायदाही मिळत नाही. त्यांनी दोन दिवस मागितले आणि पुन्हा सुरू केलं.

परिणाम

उपचाराआधीच्या ऑगस्टला त्यांनी त्रासाचे दहापैकी आठ गुण दिले होते. थेंब सुरू झाल्यावरच्या पहिल्या ऑगस्टला पाच, दुसऱ्याला तीन. दुसऱ्या पावसाळ्यात स्प्रे निम्म्यावर आला, जादा पंप महिन्यात एखाद्या वेळी. दोन वर्षांत एकही अँटिबायोटिक नाही. नाकाच्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासलं आणि ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवला. दिवाळीत माळा अजूनही त्या काढत नाहीत. काढला तर शिंका येतातच. उदबत्तीचा धूर, अत्तर, रस्त्यावरच्या बांधकामाची धूळ यांनी नाक चुरचुरतं. तो त्रास ॲलर्जीचा नसून नुसत्या जळजळीचा आहे आणि माइटचे थेंब त्याला काही करणार नाहीत. हे आधी सांगितलं होतं म्हणून निराशा झाली नाही.

यातलं थेंबांचं श्रेय किती? एका रुग्णावरून ते काढता येत नाही. पंप, नीट मारलेला स्प्रे, नवी गादी, ग्रंथालयातला बदल हे सगळं जवळपास एकत्रच झालं. पहिल्या चार महिन्यांतला फरक थेंबांचा नक्कीच नव्हे, कारण तेव्हा ते सुरूच नव्हते. दुसऱ्या पावसाळ्यात औषधं कमी करूनही त्रास कमी राहिला, हे मात्र इम्युनोथेरपीकडून अपेक्षित असतं तसंच आहे. मी त्याहून जास्त दावा करणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

रात्रीच्या खोकल्याचा प्रश्न पहिल्या वर्षीच कुणी विचारला असता तर सहा वर्षं वाचली असती. नाकाची ॲलर्जी आणि दमा एकाच श्वासमार्गाची दोन टोकं. नाकाच्या प्रत्येक जुनाट रुग्णाला छातीबद्दल विचारायला मिनिटही लागत नाही.

गादी आणि खोलीचं काम थेंबांच्या दोन-तीन महिने आधी झालं असतं, तर कशाने किती फरक पडला ते जास्त स्पष्ट दिसलं असतं. प्रत्यक्षात नवी गादी थेंबांच्या खर्चाबरोबरच मंजूर झाली, घरचं बजेट तसंच होतं. तेव्हा ही सूचना कागदावर बरोबर, व्यवहारात अवघड.

प्रवासासाठी बर्फाची पिशवी आणि खंड पडला तर करायच्या फोनचा नंबर पहिल्या दिवशीच घरच्या दुसऱ्या माणसालाही द्यायला हवा होता. रुग्ण स्वतः लाजतो, घरचा लाजत नाही. आता तज्ज्ञांकडे असं कार्ड नातेवाइकाच्या हातात दिलं जातं.

नवव्या महिन्याची ढिलाई अपेक्षितच होती. त्यासाठी आठव्या महिन्यात एक भेट ठरवून ठेवता आली असती, बाटली संपायची वाट न बघता. आणि वर्ष झाल्यावर काहीच फरक नसेल तर उपचार थांबवायचा, हेही सुरुवातीला बोलून घ्यावं. आम्ही ते बोललो होतो. त्यामुळे पहिल्या वर्षअखेरीची तपासणी एक ठरलेला टप्पा होती आणि नवऱ्यालाही हिशेब बघायची एक तारीख मिळाली.

तिसरं वर्ष आता सुरू आहे. मधे मुलालाही सकाळी शिंका यायला लागल्या आणि दोघांनी विचारलं की त्यालाही थेंब सुरू करायचे का. त्याची प्रिक टेस्ट अजून केलेली नाही. आधी त्याच्या उशीला अभ्रा घातला, छाती तपासली, ती स्वच्छ निघाली आणि त्याला स्प्रे उलट्या हाताने मारायला आईनेच शिकवलं. दोन महिन्यांनी तो पुन्हा यायचा आहे.